वाचलेला कोड आणि चालणारा प्रोग्राम: दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरचा रिप्रोड्युसिबल बिल्ड

दूध संकलन केंद्रावरचं सॉफ्टवेअर वरून अगदी साधं दिसतं. काट्यावरून लिटर येतात, फॅट मशीनमधून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, दरपत्रकातून दर निघतो आणि पावती छापली जाते. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला पैसे वाढतात किंवा कापले जातात. आमच्याकडे दर दहा दिवसांनी बिल निघतं. दशांश कुठे आणि कसा गोल करायचा, ही कोडमधली एक ओळ. पण ती ओळ सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक उत्पादकाच्या प्रत्येक कॅनला लागते. त्यामुळे या ओळीबद्दल संस्थेच्या सभेत वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत.

हे सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते, आणि आम्ही कोड सुरुवातीपासून उघडा ठेवला होता. संस्थांच्या वतीने तो तपासायला एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांनी दर काढण्याचा सगळा भाग ओळ न् ओळ वाचला, कागदावर उदाहरणं सोडवून ताळा घेतला. शेवटी म्हणाले, "मॅडम, कोड बरोबर आहे. पण मी वाचला तो हा कोड आणि केंद्रावरच्या पेटीत चालतो तो प्रोग्राम एकच आहेत, हे मी कशावरून लिहून देऊ?"

आमच्याकडे उत्तरं होती, पण ती सगळी आमच्याच तोंडची होती. कोड जिथे ठेवतो त्या गिटमधला टॅग (एका ठरावीक आवृत्तीला दिलेलं नाव) आमचा, बिल्ड करणाऱ्या, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणाऱ्या, सर्व्हरचा लॉग आमचा, इमेजवरची (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यावरची) डिजिटल सही आमची. सही एवढंच सांगते की ही फाइल आमच्याकडून आली. ती कोणत्या कोडपासून बनली, हे सहीला सांगता येत नाही. सरांना हवी होती अशी तपासणी, जी आमच्यावर विश्वास न ठेवता करता येईल: त्यांनी स्वतःच्या मशीनवर त्याच कोडपासून बिल्ड करायचा, आणि आमची इमेज व त्यांची इमेज शेवटच्या बिटपर्यंत जुळली पाहिजे. यालाच रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात. काट्यावर शंका आली की आपण तोच कॅन दुसऱ्या काट्यावर ठेवून बघतो, तसंच हे.

ही शंका कल्पनेतली नाही. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात १९८४ सालीच दाखवून दिलं होतं की सोर्स कोड (माणसाने लिहिलेला कोड) स्वच्छ असूनही कंपायलर, म्हणजे कोडचा प्रोग्राम करणारं हत्यार, त्यातून वेगळाच प्रोग्राम बनवू शकतो. २०२० मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात असंच झालं. कोडच्या भांडारात काहीच नव्हतं. बिल्ड सर्व्हरवर बसलेला एक घातक प्रोग्राम कंपाइल सुरू झालं की एक सोर्स फाइल बदलायचा आणि काम झालं की मूळ फाइल परत ठेवायचा. बाहेर पडलेल्या अपडेटवर कंपनीची खरीखुरी सही होती. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण थोडं वेगळं. तिथे दार उघडणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त वाटल्या जाणाऱ्या टार फाइलमध्ये (अनेक फाइलींच्या एका गठ्ठ्यात) होता, आणि त्याने जो घातक माल बाहेर काढला तो चाचणीच्या फाइलींच्या वेषात गिटमध्येही पडून होता. नुसत्या रिप्रोड्युसिबल बिल्डने ते पकडलं गेलं असतं असं मी म्हणणार नाही. पण त्यातून आम्ही एक नियम घेतला: बिल्ड फक्त गिटच्या टॅगवरून होईल, हाताने बांधलेल्या टारवरून नाही.

या कामाची वाट इतरांनी घालून दिली होती, म्हणून आमच्यासारख्या लहान टीमला ते जमलं. बिटकॉइन आणि टॉर ब्राउझरच्या लोकांनी आधी करून दाखवलं, डेबियन या लिनक्स वितरणात २०१३ पासून हजारो पॅकेजेसवर चिकाटीने काम चाललं आहे, आणि सिग्नल मेसेंजरने २०१६ मध्ये आपलं अँड्रॉइड ॲप डॉकरमध्ये (प्रोग्राम बंदिस्त कंटेनरमध्ये बांधणाऱ्या-चालवणाऱ्या हत्यारात) कुणालाही पुन्हा बांधून ताडून पाहता येईल असं केलं.

आमची इमेज डेबियनच्या बुकवर्म आवृत्तीवर उभी आहे. सीरियल पोर्टवरून काटा आणि फॅट मशीन वाचणारा भाग सी मध्ये आहे, दर आणि पावतीचा भाग पायथनमध्ये. बिल्ड आधीपासून डॉकरमध्येच होता, त्यामुळे "कंटेनरमध्ये आहे म्हणजे सगळीकडे सारखंच निघणार" असं टीममध्ये सगळेच धरून चालले होते. हा समज फार पसरलेला आहे. कंटेनर फाइलसिस्टीम सारखी देतो, आणि तीही आपण नीट सांगितली तरच. घड्याळ यजमान मशीनचं असतं. कर्नल यजमानाचा, प्रोसेसर यजमानाचा, कोअर किती तेही यजमानाचंच. डॉकर रनने कंटेनर उभा केला की त्याला दर वेळी नवं, यदृच्छेने ठरलेलं होस्टनेम (मशीनचं नाव) मिळतं. यातलं काहीही बिल्डच्या आत झिरपू शकतं.

पहिली पायरी मोजण्याची. एकच कमिट (गिटमध्ये नोंदलेली कोडची एक स्थिती) दोनदा बिल्ड करून डायजेस्ट, म्हणजे इमेजच्या मजकुरावरून निघणारा हॅश (ठशासारखा आकडा), ताडायचा. इथे कॅश (आधीच्या बिल्डचा साठा) बंद ठेवणं फार महत्त्वाचं, नाहीतर दुसऱ्या वेळी डॉकर जुनेच लेयर (इमेज ज्या थरांची बनते ते थर) उचलून देतो आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. कॅश बंद करून पाहिलं तर एकाच लॅपटॉपवर, पाठोपाठ केलेल्या दोन बिल्डमध्ये, बेस इमेज (ज्या तयार इमेजवर आपली रचतो ती) सोडली तर, एकही लेयर जुळत नव्हता.

मग बाहेरून येणाऱ्या वस्तू एकेक करून खिळवल्या. बेस इमेजचा टॅग म्हणजे हलती पाटी. आज त्यावर एक इमेज असते, पुढच्या महिन्यात दुसरी. त्यामुळे डॉकरफाइलच्या (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलीच्या) पहिल्या ओळीत टॅगच्या पुढे एसएचए-२५६ डायजेस्ट लिहिला. एपीटीची, म्हणजे डेबियनची पॅकेजेस उतरवणाऱ्या हत्याराची, गोष्ट जरा मोठी आहे. एपीटी अपडेट म्हणजे "आत्ता जे असेल ते दे", आणि आत्ता हा शब्द रिप्रोड्युसिबल बिल्डमध्ये चालत नाही. डेबियनची स्नॅपशॉट नावाची सेवा आहे. तिच्यावर कोणत्याही तारखेला भांडार जसं होतं तसं मिळतं. डेबियनच्या अधिकृत कंटेनर इमेजमध्ये एपीटीच्या सोर्स फाइलीत कॉमेंटमध्ये लिहिलेलंच असतं की ही इमेज कोणत्या स्नॅपशॉटवरून बनली. ती ओळ पाहून मला फार बरं वाटलं. पुढे कुणाला तपासायचं असेल म्हणून कुणीतरी आधीच सोय करून ठेवली होती. आम्ही तीच तारीख घेतली. जुन्या स्नॅपशॉटची रिलीज फाइल मुदतबाह्य झालेली असते, म्हणून एपीटीला मुदत तपासू नकोस असं सांगावं लागतं. सही मात्र तो तपासतोच. स्नॅपशॉटचा सर्व्हर संथ आहे, तेव्हा लागणारी डेब पॅकेजेस आम्ही स्वतःकडेही उतरवून ठेवली आणि त्यांच्या हॅशची यादी गिटमध्ये घातली. पायथन पॅकेजेसना पिपचा हॅशसक्तीचा पर्याय लावला. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

एवढं करूनही लेयर जुळेनात. इथून पुढे डिफोस्कोपशिवाय पान हललं नसतं. हे हत्यार रिप्रोड्युसिबल बिल्ड्सच्याच लोकांनी बनवलं. दोन फाइली दिल्या की ते टार उघडतं, त्यातली झिप उघडतं, त्यातली ईएलएफ (लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल उघडतं आणि फरक जिथे आहे तिथपर्यंत नेऊन बोट ठेवतं. पहिल्या अहवालात वेळेचा गोंधळ इतका होता की बाकी काही दिसत नव्हतं, म्हणून आधी वेळेचा बंदोबस्त केला.

त्यासाठी सोर्स डेट इपॉक नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्यात १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांचा एक आकडा ठेवायचा, आणि समजूतदार टूल्स "आत्ताची वेळ" ऐवजी तो आकडा वापरतात. आम्ही तिथे शेवटच्या गिट कमिटची वेळ घालतो. शून्य घालण्याचा मोह होतो, पण झिपला १९८० च्या आधीची तारीख लिहिताच येत नाही आणि पायथनची पॅकेजिंग टूल्स तिथे अडतात. बिल्डकिटला (डॉकरच्या बिल्ड करणाऱ्या भागाला) हा आकडा बिल्ड आर्ग, म्हणजे बाहेरून दिलेली किंमत, म्हणून दिला की तो इमेजच्या निर्मितीची वेळ आणि इतिहासातल्या वेळा त्यावरून लिहितो. लेयरमधल्या फाइलींच्या वेळा मात्र तेवढ्याने बदलत नाहीत. त्याला आउटपुटमध्ये रीराइट टाइमस्टॅम्प हा पर्याय वेगळा द्यावा लागतो, आणि तो बिल्डकिट ०.१३ पासून आहे. हे दोन्ही लावल्यावर डिफोस्कोपचा अहवाल एकदम वाचण्याजोगा झाला.

उरलेल्या फरकांत पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटी आणि डीपीकेजीचे लॉग होते, एलडीकॉन्फिगची ऑक्स-कॅश नावाची फाइल होती, आणि पायथनच्या पीवायसी (आधीच कंपाइल केलेल्या) फाइली होत्या. लॉग आणि ऑक्स-कॅश इमेजमध्ये लागतच नाहीत. डॉकरफाइलच्या ज्या रन ओळीत ते तयार होतात त्याच ओळीत काढून टाकायचे. पुढच्या ओळीत काढले तर खालच्या लेयरमध्ये ते राहतातच. पीवायसीमध्ये सोर्स फाइलची वेळ लिहिलेली असते. पायथन ३.७ पासून वेळेऐवजी सोर्सचा हॅश लिहिण्याची सोय आहे, ती वापरली.

यानंतर आलेला एक फरक मला सगळ्यात शिकवून गेला. दिवसभर बिल्ड करत होतो, डायजेस्ट जुळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कमिट, तेच मशीन, आणि एक लेयर वेगळा. डिफोस्कोपने शॅडो (युजरच्या पासवर्डची माहिती ठेवणाऱ्या) फाइलमधली एक ओळ दाखवली. आमचा प्रोग्राम रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालू नये म्हणून डॉकरफाइलमध्ये यूजरॲडने एक वेगळा युजर तयार केला होता. यूजरॲड शॅडो फाइलच्या तिसऱ्या रकान्यात पासवर्ड शेवटचा कधी बदलला हे लिहितो, आणि ते लिहितो १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत. १० जून २०२४ ला तिथे १९८८४ येतं, ११ जूनला १९८८५. हा दिवस यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. साडेपाचच्या आधी आणि नंतर केलेले बिल्ड वेगळे, आणि दिवसा कितीही वेळा करा, फरक दिसणार नाही. यूजरॲडलाही सोर्स डेट इपॉक समजतो. पण बिल्ड आर्ग बाहेरून दिला तरी तो डॉकरफाइलमध्ये, आणि त्यातल्या प्रत्येक स्टेजमध्ये (बिल्डच्या टप्प्यात), आर्ग म्हणून जाहीर केल्याशिवाय रन ओळींपर्यंत पोचत नाही. ती एक ओळ घातली आणि रकाना स्थिर झाला.

म्हणूनच मी आता सगळ्यांना सांगते की एका बैठकीत दोनदा बिल्ड करून जुळलं म्हणजे झालं असं धरू नका. डेबियनच्या चाचणीत दुसरा बिल्ड मुद्दाम वेगळ्या परिस्थितीत करतात: घड्याळ वर्षाहून जास्त पुढे, वेगळा युजर, वेगळा यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा), वेगळा टाइमझोन, वेगळी भाषा. डिसऑर्डरएफएस नावाची एक फाइलसिस्टीमच त्यासाठी आहे, ती डिरेक्टरीतल्या फाइली मुद्दाम उलटसुलट क्रमाने देते. आम्हीही तशीच एक चाचणी रोज रात्री चालू ठेवली.

तिने लगेच दोन गोष्टी बाहेर काढल्या. दरपत्रकं आणि पावतीचे फॉन्ट एका झिपमध्ये जातात. झिपमध्ये वेळ स्थानिक घड्याळाची लिहितात आणि टाइमझोन लिहीत नाहीत. पावतीवर आपली वेळ यावी म्हणून आमच्या डॉकरफाइलमध्ये टाइमझोन आशिया-कोलकाता होता. तोच बिल्डच्या स्टेजलाही लागू होता. यूटीसीवर बांधलेल्या झिपमध्ये प्रत्येक फाइल साडेपाच तास मागे दिसायची. आता बिल्डची स्टेज यूटीसीत चालते आणि टाइमझोन फक्त अंतिम स्टेजमध्ये लागतो.

दुसरी गोष्ट फाइलींच्या क्रमाची. दरपत्रकाच्या फाइलींना केंद्रांची नावं आहेत, देवनागरीत. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे बसतो. क्रम कोणत्या नियमाने लावायचा हे सांगितलं नाही, तर तो मशीनच्या लोकॅलवर (भाषेच्या सेटिंगवर) सोडला जातो, आणि क्रमवारी लावलीच नाही तर फाइलसिस्टीम देईल तो क्रम झिपमध्ये उतरतो. आता यादी आधी एलसी ऑल इक्वल्स सी लावून, म्हणजे निव्वळ बाइटच्या क्रमाने, लावतो आणि मगच झिपला देतो. झिपचे जादा रकानेही बंद केले, त्यांत युजर आणि ग्रुपचे आकडे जातात. पडद्यावरची केंद्रांची यादी मात्र मराठी वर्णक्रमानेच दिसते. ती तशीच दिसली पाहिजे, यावर मी ठाम आहे.

सी च्या भागात तुलनेने कमी काम निघालं. व्हर्जनच्या ओळीत कंपाइलची तारीख आणि मशीनचं नाव छापलं जात होतं. जीसीसी या सी च्या कंपायलरमध्ये ७ व्या आवृत्तीपासून तारखेचे मॅक्रो सोर्स डेट इपॉक मानतात, तरीही आम्ही ती ओळच काढली आणि तिथे कमिटचा हॅश घातला. तारखेपेक्षा तो कितीतरी उपयोगी आहे. डीबग माहितीत बिल्डच्या फोल्डरचा पत्ता जायचा, तो प्रीफिक्स मॅपच्या पर्यायाने गेला. एका मेकफाइलमध्ये मार्च-नेटिव्ह नावाचा पर्याय होता, म्हणजे ज्या मशीनवर बांधाल त्या प्रोसेसरला साजेसा कोड. तेही काढलं, केंद्रावरच्या जुन्या पेट्यांसाठी ते एरवीही धोक्याचंच होतं.

लेयर सगळे जुळले, तरी सगळ्यात वरचा डायजेस्ट वेगळाच. बिल्डएक्स (डॉकरची बिल्डची आज्ञा) इमेजला आपोआप प्रोव्हेनन्सची, म्हणजे ती कशी बनली याची, नोंद जोडतो, आणि तिच्यात बिल्ड सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ असते. ती नोंद उपयोगी आहे, पण तिची जागा इमेजच्या बाहेर. तो पर्याय बंद केला आणि नोंद स्वतंत्र फाइलीत ठेवली. सहीही तशीच बाहेर. शिवाय बिल्डकिटचं व्हर्जनही डायजेस्टने खिळवलं, कारण लेयर दाबणारा कोड बदलला तर आतल्या फाइली त्याच राहूनही दाबलेल्या लेयरचा हॅश बदलू शकतो.

यानंतर खरा प्रयोग. सरांनी आपल्या घरच्या मशीनवर, आमच्यापैकी कुणी शेजारी नसताना, टॅग उतरवला आणि बिल्ड लावला. सूचनांचा कागद मी अर्ध्या पानात बसवला होता. सूचना लांबल्या की तपासणारा कंटाळतो आणि तपासणी कागदावरच राहते. त्यांचा फोन आला. "वाचा," म्हणाले. मी आमचा डायजेस्ट चार-चार अक्षरांनी वाचत गेले आणि ते पलीकडून "हं, हं" करत गेले. सगळी ६४ अक्षरं जुळली.

पण ते तिथेच थांबले नाहीत. "हे तुमचं-माझं झालं. केंद्रावरच्या पेटीत काय आहे?" माझा विचार होता की पावतीच्या तळाशी इमेजचा हॅश छापावा. सरांनी तो मोडून काढला, आणि त्यांचं बरोबर होतं: ज्या प्रोग्रामवर शंका आहे, त्यालाच त्याची ओळख विचारून काय उपयोग? बदललेला प्रोग्राम हवा तो हॅश छापेल. तेव्हा तपासणी बाहेरून ठरली. पेटीवरची इमेज पेनड्राइव्हवर सेव्ह करून घ्यायची आणि तपासणाऱ्याच्या लॅपटॉपवर ताडायची. सेव्ह केलेल्या टारचा हॅश इथे कामाचा नाही, कारण बांधणी वेगळी होऊ शकते. आतल्या कॉन्फिग फाइलीचा (इमेजचं वर्णन करणाऱ्या फाइलीचा) हॅश आणि न दाबलेल्या लेयरचे हॅश घ्यायचे. कॉन्फिगमध्ये सगळ्या लेयरचे हॅश असतात, म्हणून या दोन्हींची साखळी जुळली की मधे काही बदलायला जागा उरत नाही. अगदी कडक तपासणी हवी असेल तर पेटीची डिस्कच काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, म्हणजे पेटीवरच्या डॉकरवरही विसंबावं लागत नाही.

आता आमच्या रिलीजची पद्धत बदलली आहे. दरपत्रक बदललं, शासनाचा किंवा संघाचा नवा दर आला, की टॅग लागतो. आम्ही एक बिल्ड करतो, सर किंवा त्यांनी तयार केलेला एखादा विद्यार्थी दुसरा करतो, आणि दोन्ही डायजेस्ट जुळल्यावरच इमेज केंद्रांकडे जाते. संस्थेचे सेक्रेटरी तो डायजेस्ट ठरावाच्या वहीत लिहून घेतात. एका सभेत एका उत्पादकाने विचारलं की हा एवढा लांब आकडा कशाला, तेव्हा उत्तर सेक्रेटरींनीच दिलं: "सरांनी वाचलेलाच प्रोग्राम केंद्रावर आहे का, ते याच्यावरून कळतं. उद्या तुम्हाला बघायचं असलं तर तुम्हीही बघा."

अजून जे या कक्षेत आलेलं नाही ते मोठं आहे. डेबियनची बेस इमेज आणि जीसीसी आम्ही आयते घेतो, स्वतः बांधत नाही; डेबियनच्या लोकांनी त्यांतली बरीच पॅकेजेस स्वतंत्रपणे पुन्हा बांधून ताडली आहेत, त्यावर आमची भिस्त आहे. फॅट मशीनच्या आतला फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेला प्रोग्राम) तर पूर्ण बंद आहे. तिथून आलेला फॅटचा आकडा आमचा प्रोग्राम तसाच घेतो. आत्ता त्यावर उपाय एकच, ठरावीक दिवशी तोच नमुना प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने काढून मशीनच्या आकड्याशी ताडणं, आणि ते संस्था करतात. फर्मवेअरचा निदान हॅश तरी जाहीर करा, असं पत्र आम्ही मशीन बनवणाऱ्यांना दिलं आहे. पुढच्या टेंडरमध्ये ती अट घालावी यासाठी सर संघाच्या संचालकांना भेटत आहेत, आणि अटीचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून लिहून दिला आहे.